तीन पायांचं वासरू

३ डिसेंबर १९४५, सातारा

वासराच्या खेळाचा कापडी पट अजून परत आलेला नाही. दिवाळीत इंदू घेऊन गेली. "आठ दिवसांत पाठवते गं मनू, माझ्या शिशुवर्गातल्या मुलांना एकदा दाखवते फक्त." दिवाळी होऊन महिना होत आला. माझ्या वर्गातली मुलं रोज विचारतात, "बाई, वासराचा खेळ?" शेवटी आज फरशीवर खडूने पट काढला. गोठा काढला, विहीर, बाजार, मधोमध देऊळ, वरच्या कोपऱ्यात माळ. सोंगट्या चिंचोक्याच्या. मुलं खेळली, पण खडू पायांनी पुसला जातो, आणि वासरू काही मला काढता येईना. ते माझ्या लेकीनं, छबीनंच काढावं.

सखू (मुलांना घरोघर जाऊन आणते-पोचवते) म्हणाली, "आवं बाई, शेटाणीला पट दिला तवाच मी म्हनलं हुतं. ती बाई हातात घेतलेली वस्तू खाली ठिवत न्हाई." शेटाणी म्हणजे इंदू. यजमान माधवनगरच्या गिरणीत मोठे साहेब, म्हणून.

८ डिसेंबर

इंदूचा निरोप आला, तिचा ड्रायव्हर घेऊन आला. पट छापायला दिला आहे! रंगीत, पुठ्ठ्याच्या पेटीत, कवड्यांसकट. लढाई संपली तरी पुठ्ठा परवान्यावरच मिळतो, तो तिच्या साहेबांनी मिळवला. "तू लगेच ये, नियम तू लिही, तुझी भाषा सोपी असते."

विचारलं नाही. सांगितलंसुद्धा छापायला गेल्यावर.

यापुढे या वहीत तिला इं. म्हणणार. पूर्ण नाव लिहावंसं वाटत नाही.

तरी आधी मनात आलं ते हेच की छान झालं, पुष्कळ मुलं खेळतील. माझं हे असंच. पाचगणीला कॉन्व्हेंटमध्ये पावसाळी दुपारी सिस्टर आम्हाला साप-शिडी काढून द्यायच्या. खिडकीबाहेर धुकं, सिल्व्हर ओकची झाडं दिसेनाशी झालेली, ओल्या लोकरीचा वास. इं. बाहीनं सोंगटी हळूच पुढे सरकवायची. मला दिसायचं. मी गप्प बसायचे, कारण हरली की ती जेवायची नाही.

११ डिसेंबर, सांगली

सातारा रोडला गाडी धरली, मिरजेला बदलली. संध्याकाळी इं.कडे. बंगला, बाग, पडवीत पिंजऱ्यातला पोपट. "मनू, किती वाळलीस!" मिठी मारली. तोच साबणाचा वास, कॉन्व्हेंटपासूनचा. डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचा राग आला.

जेवताना विचारलं, पेटीवर नाव कोणाचं? पानात तूप वाढता वाढता म्हणाली, "माझंच घातलंय अगं. साताऱ्याची कोण मनोरमाबाई, तिला कोण ओळखतं? शिक्षणखात्याचे साहेब येणार आहेत बघायला. त्यांना पसंत पडलं तर साऱ्या शाळांत जाईल."

मी भात कालवत राहिले.

१२ डिसेंबर, सांगली

आजचा दिवस सगळा लिहून ठेवते.

गिरणीची लेबलं छापतात त्या छापखान्यात गेलो. भिंतीभर वाघ, मोर, लक्ष्मी, कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची. दादू आर्टिस्ट म्हणून साठीतले गृहस्थ. दगडावर चित्र हातानं काढतात, मग दगडावरून कागदावर छाप. माझा पट त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. एका कडेला शाईचा अंगठा. चेन स्टिचचा एकेक टाका मी वीस-बावीस वर्षांपूर्वी, दुपारी, छबीची पाटी समोर ठेवून घातला आहे.

पहिला छाप हातात दिला.

प्रथम नाव पाहिलं. "रचना: सौ. इंदिराबाई." ठीक.

मग वासरू पाहिलं. चार पाय.

छबीनं पाटीवर तीन पायांचं वासरू काढलं होतं. पाच वर्षांची. मी म्हटलं, "चौथा पाय कुठाय गं?" तर म्हणाली, "उचललाय. चाललंय ना ते." त्याच वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली, त्यात ती गेली. पाटी पुसू दिली नाही मी कोणाला. पुढे रेघ उडायला लागली तेव्हा ते वासरू कापडावर उतरवलं, आणि त्याच्याभोवती सबंध खेळ केला. गोठ्यातून निघून माळावर चरायला जाणारं वासरू, तेवढाच खेळ. इं.ला हे ठाऊक आहे. मी तिला स्वतः सांगितलं आहे, रडून.

"चौथा पाय?" मी विचारलं.

"मीच सांगितला दादूंना. अगं, लोक हसतील. तीन पायांचं वासरू मुलांना शिकवतात म्हणतील."

आणि मग तिसरी गोष्ट दिसली. ती फक्त मलाच दिसली.

छाप उलटा आहे. अक्षरं दगडावर उलटी काढायची दादूंना सवय, म्हणून अक्षरं सरळ आलीत. चित्र मात्र त्यांनी पटात जसं दिसलं तसंच दगडावर काढलं. त्यामुळे आरशात पाहावं तसं छापलं गेलं. लेबलावरच्या वाघाचं तोंड इकडे काय नि तिकडे काय, कोणाला फरक पडत नाही. पण पटाच्या मधोमध देऊळ आहे. माझ्या पटात वासरू देवळाला उजव्या हाताला ठेवून फेरी घेतं, जशी आपण सगळे घेतो. यात खुरांचे ठसे देवळाला डावीकडे टाकत जातात. उलटी फेरी!

दादू म्हणाले, "काय बाई, झकास उतरलंय का न्हाई?"

इं. चष्मा पुसत होती. तिच्या घरी देवळात जातात ते मोटारीनं, गाभाऱ्यासमोर उभं राहून हात जोडून परत. फेरी कधी घातली असेल? मी मात्र सासूबाईंच्या मागून फेऱ्या घालण्यात वर्षं काढली आहेत.

मी म्हटलं, "लय झकास."

दादू खूष. इं. खूष. मीही.

पट मी घडी करून पिशवीत घातला. "रंग लावून होईपर्यंत राहू दे की," इं. म्हणाली. मी म्हटलं, मुलं खोळंबली आहेत. खरं कारण दुसरं. शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहायला नको.

१३ डिसेंबर, सांगली

नियम लिहून दिले. माझ्या वर्गात मी नुसतं म्हणते, "देवळावरून चला." कागदावर मी लिहिलं: "देवळापाशी आल्यावर नमस्कार करावा व प्रदक्षिणा घालून पुढे जावे." प्रदक्षिणा हा शब्द मुद्दाम. कोणाच्या नजरेतून सुटायला नको.

इं. वाचून म्हणाली, "किती गोड लिहितेस गं."

हो.

२० डिसेंबर, सातारा

पट घरी. शाईचा अंगठा निघत नाही. मुलं वासरावर तुटून पडली. गंगीनं (चार वर्षांची, वडील फौजेत, अजून परतले नाहीत) वासराला पापा दिला.

सकाळी प्रार्थनेच्या वेळी मनात काही आलं नाही. सिस्टर म्हणायच्या, सूर्य मावळायच्या आत राग सोडा. कितीतरी सूर्य मावळले.

रात्री झोप छान लागते. हे लिहायला हवं, कारण बरेच दिवस लागत नव्हती.

२ जानेवारी १९४६

इं.चं बोलावणं. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, नातवाचं बोरन्हाण त्याच दिवशी. गिरणीतल्या झाडून सगळ्या बायका येणार. वाण म्हणून ती खेळाच्या पेट्या लुटणार आहे! "तुला बाहेर बसता येणार नाही, ठाऊक आहे ना? पण आत मुलांना घेऊन बस, खेळ शिकव. तू असलीस की मुलं गप्प राहतात."

विधवेनं हळदीकुंकवात बसू नये, पण आत बसून पोरं राखावीत. ठीक आहे. आतून ऐकू छान येतं.

सखूला म्हटलं, जाणार आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाई, तुमी हसतायसा व्हय?"

१६ जानेवारी, सांगली

झालं. पण मी योजलं होतं तसं सगळंच नाही.

मधल्या खोलीत मुलं, मी, आणि नव्या पेट्या. पुठ्ठा जाड, रंग भडक, देऊळ भगवं. इं.च्या नातवाच्या अंगावर हलव्याचे दागिने, बोरन्हाण होऊन गेलेलं, केसात अजून चुरमुरे. कवड्या टाकायच्या, उताण्या मोजायच्या, ठशांवरून सोंगटी पुढे. बाहेर उखाणे चाललेले, हसणं, अत्तरदाणी.

गिरणीच्या खजिनदारांच्या मातोश्री नातीला न्यायला आत आल्या. शिराळ्याकडच्या, जुन्या वळणाच्या. थोडा वेळ कौतुकानं पाहत उभ्या राहिल्या. नात देवळाशी आली, हात जोडले, आणि ठशाठशांनी निघाली.

"थांब गं बये!"

मुलगी दचकली. म्हातारीनं तिचा हात धरला. "ही फेरी कंच्या बाजूनं चाललीया?"

मी हातातल्या कवड्या खाली ठेवल्या.

त्या पट उचलून तशाच बाहेर गेल्या. मी ऐकत होते. प्रत्येक शब्द.

"आवं इंदिराबाई, देवाला अशी उलटी फेरी कुठं घालत्यात, ठाऊक हाय का तुमाला? मानूस मसणात पोचवायला जात्यात तवा. आन ह्ये तुमी सवाष्णींच्या वटीत घालताय? संक्रांतीचं?"

मग एक पेटी खाली ठेवल्याचा आवाज. मग दुसरी. वाण कधी परत करत नाहीत. मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. आज ऐकलं.

इथपर्यंत माझं सुख. मनाशी म्हणत होते, आता घाल चौथा पाय, सगळ्यांसमोर.

आणि मग इं.चा आवाज, गोड, स्पष्ट: "अहो आक्का, हा खेळ माझा नाहीच. साताऱ्याची माझी मैत्रीण मनोरमाबाई, तिचा आहे. आत बसलीय. तिच्या पटावरून जसाच्या तसा घेतला."

पेटीवर तिचं नाव. शरमेवर माझं.

बाहेर कुजबुज. कोणीतरी: "म्हणजे विधवा बाईच्या हातचं वाण?" कोणीतरी खुदकन हसलं.

मुलं माझ्याकडे बघत होती. इं.चा नातू म्हणाला, "आजी, माझा डाव आहे." मी त्याला कवड्या दिल्या.

१७ जानेवारी, गाडीत

पट आणून सगळ्यांसमोर उलगडला असता तर मी एका क्षणात सुटले असते. माझ्या पटात फेरी सरळ आहे. पण पट साताऱ्यात, मीच नेलेला. आणि तो समोर ठेवला की पहिला प्रश्न हाच: मग बाई, छाप हातात आला तेव्हा तुम्ही काय पाहत होता?

बाहीनं सोंगटी सरकवायची ती. या वेळी मीही सरकवली.

हे लिहून पश्चात्ताप होतो का ते पाहिलं. होत नाही. राग दुप्पट झाला आहे.

२४ जानेवारी, सातारा

सखू बाजारातून ऐकून आली. सांगलीकडून कापडवाले येतात, त्यांच्या तोंडी. "साताऱ्याची बाई पोरांस्नी उलटं शिकिवती म्हनं. मी म्हनलं, यिऊन बघा की आमच्यात! आमच्या पटात समदं सरळ हाय."

इथल्या आया पट वर्षानुवर्षं पाहत आल्यात. एकही मूल कमी झालं नाही. गंगीची आई उलट भांडून आली कोणाशी तरी.

पण मला सांगलीच्या त्या मधल्या खोलीत ऐकलेलं हसू ऐकू येतं.

मजा ही की उपाय माझ्याकडे आहे. गाडीतच सुचला, मिरज सुटल्यावर. नवा पुठ्ठा मिळणार नाही, पुन्हा छापता येणार नाही, पण छापायची गरजच नाही. वासरू गोठ्यातून माळावर न्यायचं नाही. माळावरून सुरुवात करायची. संध्याकाळ झाली, वासरू आल्या पावलांनी आईकडे परत निघालं. म्हणजे देऊळ आपोआप उजव्या हाताला. नियमाची एक ओळ बदलली की सगळ्या पेट्या शुद्ध. मुलांनाही आवडेल. शेवटी गोठ्यात गाय उभी आहेच.

एवढी वर्षं मी ते वासरू फक्त घरातून बाहेर नेत होते. परत आणायचं कधी सुचलं नाही.

इं.ला सांगणार नाही.

५ फेब्रुवारी

दुपारी दारात मोटार. इं. स्वतः. मागच्या बाजूला परत आलेल्या पेट्या, दोरीनं बांधलेल्या. पावडर नाही, डोळ्यांखाली काळं. खात्याचे साहेब सोमवारी येणार. त्यांच्या कानावर गेलं तर शिशुवर्गच बंद होईल म्हणते. साहेब (तिचे) तिच्याशी बोलत नाहीत, पुठ्ठा गिरणीच्या नावावर काढला होता.

"मनू, तुझ्या पटात फेरी उलटीच होती ना गं? आपल्या कोणाच्या लक्षातच आलं नाही कधी. कॉन्व्हेंटच्या पोरी आपण! पण तुला काहीतरी सुचेल. तुला नेहमी सुचतं."

चहा दिला. सखूनं कप जरा आपटला.

मी म्हटलं, "सुचलंय."

चेहरा कसा उजळला. तोच, सातवीतला.

"पण आधी चौथा पाय काढायचा."

"काय?"

"वासराचा. प्रत्येक पेटीतला. तुझ्या हातानं. ब्लेड देते."

"अगं, पण त्यानं काय होणार? फेरी तर..."

"फेरीचं मग."

"नाव घालू का तुझं? चिठ्ठी छापून चिकटवते. सगळ्या पेट्यांवर. मनू?"

"नाव नको. पाय काढ."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पाटीवरचं ते, नाही? मी विसरले होते गं." विसरली असेलही. त्यानं तर मला अधिकच राग आला.

पडवीत चटई टाकून दिली. बसली. रेशमी लुगडं वर खोचून.

कॉन्व्हेंटमध्ये तिनं बाकावर शाईची दौत सांडली होती आणि शिक्षा मी घेतली. काचेच्या तुकड्यानं लाकूड खरवडत बसले होते, सबंध रविवार. ती खिडकीशी उभी राहून मला गोष्टी सांगत होती, करमावं म्हणून. तेव्हा वाटलं होतं, अशी मैत्रीण कोणाला असेल.

मी तिला गोष्टी सांगितल्या नाहीत.

६ फेब्रुवारी

इं. रात्री इथेच राहिली, सकाळपासून खरवडते आहे. मुलं येऊन भोवती बसली. "आजी, तुमी वासराचा पाय का काढताय?" ती माझ्याकडे बघते. मी चिंचोके निवडते.

ब्लेडनं दोनदा बोट कापलं. सखूनं हळद लावली, मुकाट्यानं. मग माझ्याकडे येऊन पुटपुटली, "बास की आता बाई. लय झालं."

अजून ढीग आहे.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ

मघाशी पडवीतून हाक. "मनू, यातला कोणता पाय गं? पुढचा का मागचा? मी आपली अंदाजानं मागचा काढत होते."

मला सांगता येईना. छापातलं वासरू उलट्या तोंडाचं. छबीनं कोणता पाय उचलला होता ते मी इतकी वर्षं बोटानं जाणते, पण या वासरावर तो पाय कुठे येतो ते डोक्यात बसेना. आणि चुकीचा पाय गेलेला मला चालणार नव्हता. आता आणखी एकाही पेटीत.

म्हणून आत गेले, पट काढला, आणि चटईवर तिच्या पुठ्ठ्याशेजारी पसरला.

पसरल्यावर कळलं मी काय केलं ते.

इं. वासराकडे बघत होती. मग हळूहळू तिची नजर ठशांवरून सरकत गेली. विहीर. बाजार. देऊळ. माझ्या पटावर या बाजूनं, तिच्यावर त्या बाजूनं. बोटानं एकदा फिरून पाहिलं, हवेतच. ती कधीच मठ्ठ नव्हती.

"प्रेसमध्ये पाहिलं होतंस तू," ती म्हणाली.

मी उभी होते.

"नियमात प्रदक्षिणा तूच लिहिलीस."

सखू दिवा घेऊन दारात थबकली, मागे गेली.

इं. रडेल, ओरडेल, उठून मोटारीत बसेल असं वाटलं. तिनं बोटाची पट्टी नीट केली. मग पटावर वाकून, अगदी जवळून, छबीच्या वासराचे पाय पाहिले. "पुढचा," ती म्हणाली. "पुढचा उचललाय." आणि नवीन पुठ्ठा पुढ्यात ओढला.

आता ती खरवडते आहे. मी इथे आत बसून लिहिते आहे. ब्लेडचा आवाज येतो आहे, थांबतो, पुन्हा येतो. साहेब सोमवारी येणार. ती ओळ माझ्या जिभेवर आहे, एवढीशी: संध्याकाळ झाली, वासरू आल्या पावलांनी...

ती मागत नाही. मागितली असती तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

दिव्यात तेल घालायला हवं, तिला दिसत नसेल. उठते.